डाव्या मनगटावरच्या चार जखमा

डॉक्टरीणबाई साक्षीच्या पिंजऱ्यात चढल्या तेव्हा मी आधी त्यांचे हात पाहिले. कासारणीची नजर माणसाच्या तोंडावर नंतर जाते, आधी मनगटावर जाते. उजव्या मनगटावर पुरुषी, मोठ्या तबकडीचं घड्याळ. डावं मनगट मोकळं. बांगडीचं माप असेल सव्वादोनचं. लहान हात, पण बोटं लांब आणि नखं अगदी मुळापासून कापलेली.

‘‘विधवा हाय का काय गं ही?’’ भागाबाई माझ्या कानाशी लागून म्हणाली.

‘‘गप. ऐकू येईल.’’

‘‘येऊ दे. हिनंच माझ्या लेकीला फाडली ना?’’

मी तिचा हात दाबून धरला. कोर्टातला पंखा नुसता आवाज करत होता. समोर डाव्या बाजूला, दोन पोलिसांच्या मधे, भागाबाईचा जावई दिगंबर बसला होता. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का. सासूकडे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. त्याची आई मागच्या बाकावर होती आणि तिच्या मांडीवर शालनची पोर, तीन वर्षांची, झोपली होती. भागाबाईचा अर्धा जीव त्या मांडीकडे होता. शालन तर गेलीच होती. दिगंबरला शिक्षा झाली असती तर नात भागाबाईकडे यायची, सुटला असता तर ती पुन्हा त्याच घरात जायची. भागाबाईच्या लेखी सगळा खटला तेवढ्यासाठी होता.

माझी साक्ष आदल्या दिवशी झाली होती. मी सरकारतर्फे चार नंबरची साक्षीदार. करंजवाडी आणि आसपासच्या सात गावांत मी बांगड्या भरत फिरायचे. शालन जन्मल्यावर पाचव्या दिवशी तिच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या मीच बांधल्या, लग्नाचा हिरवा चुडा मीच भरला, आणि ती मेली तेव्हा सवाष्ण म्हणून शेवटचा चुडा भरायला दिगंबरच्या घरून मलाच बोलावणं आलं. त्या चुड्याचे पैसे कासार घेत नाही.

सरकारी वकील बनसोडे उठले. जाडजूड माणूस, घाम पुसायला खांद्यावर रुमाल.

‘‘आपलं नाव?’’

‘‘डॉक्टर उर्मिला नाडगौडा.’’

‘‘आजवर किती शवविच्छेदनं केलीत?’’

‘‘अकराशेच्या वर.’’

‘‘मयत शालन दिगंबर घोलप हिच्या मृत्यूचं कारण सांगा.’’

‘‘हातानं गळा दाबल्यामुळे श्वास कोंडून मृत्यू.’’

दुधाचा भाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं. पुढचंही तसंच. गळ्याच्या उजव्या बाजूला अंगठ्याच्या आकाराचा एक वण, डाव्या बाजूला चार. जिभेखाली घोड्याच्या नालेसारखं एक बारीक हाड असतं, ते डावीकडे मोडलेलं. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्ताचे ठिपके.

‘‘झोपेत किंवा छातीत कळ येऊन असं होऊ शकतं?’’

‘‘नाही.’’

‘‘गळा किती वेळ दाबला गेला असेल?’’

‘‘तीन ते पाच मिनिटं.’’

भागाबाईच्या तोंडून असा आवाज निघाला की मागच्या बाकावरची पोर जागी झाली. शिपाई धावला. जज्जसाहेबांनी हात वर केला. कुणी पाणी आणलं, कुणी म्हणालं बाहेर न्या. ती बाहेर जाईना. तोंडात पदराचा बोळा कोंबून ती बसून राहिली.

या सगळ्यात डॉक्टरीणबाई तशाच उभ्या होत्या. मान खाली नाही, वर नाही. गलका थांबल्यावर त्यांनी तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हटलं, ‘‘तीन ते पाच मिनिटं. लेखनिकांनी घेतलं का?’’

माझ्या मनात आलं, ही बाई नव्हे, वजनाचा काटा आहे.

बनसोडे खाली बसले. आता आरोपीचे वकील ताम्हाणे उठले. बारीक अंगाचा माणूस, आवाज गोड. आदल्या दिवशी मला त्यांनी फार काही विचारलं नव्हतं. ‘‘काकू, तुम्ही शपथेवर सांगताय ना?’’ एवढंच दोनदा विचारलं होतं आणि ‘‘बसा, दमला असाल’’ म्हणाले होते. मला वाटलं होतं, माणूस बरा आहे.

‘‘डॉक्टर, गळ्यावरच्या जखमांबद्दल मला काही विचारायचं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘त्या बाईचा गळा कुणीतरी दाबला. माझ्या अशिलाचंही आता तेच म्हणणं आहे. तो पहाटे पाण्याच्या पाळीवर रानात होता. घराला मागनं दार आहे. कोण आलं, कोण गेलं, देव जाणे. मला विचारायचंय ते डाव्या मनगटाबद्दल. तुमच्या अहवालात जखम क्रमांक सहा ते नऊ.’’

मी बाकाची कड धरली.

‘‘चार जखमा आहेत,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘काचेनं झालेल्या. अंगठ्याच्या मुळाशी दोन, मनगटाच्या आतल्या अंगाला दोन.’’

‘‘काल साक्षीदार क्रमांक चार, कासारीण चंपाबाई अक्कर, यांनी या कोर्टात शपथेवर सांगितलं की त्या चुडा भरायला बसल्या तेव्हा या जखमा आधीपासून हातावर होत्या आणि त्यांवर रक्त सुकलेलं होतं. सरकार पक्ष म्हणतो, झटापटीत मयताच्या बांगड्या फुटल्या आणि त्या काचा रुतल्या. तुमचं मत?’’

‘‘त्या जखमा मृत्यूनंतरच्या आहेत.’’

बनसोडेंनी कपाळावरचा घाम पुसला. त्यांना ते ठाऊक असावं. अहवालात लिहिलेलंच होतं. म्हणूनच त्यांनी मनगटाचा विषय काढला नव्हता.

‘‘कशावरून?’’

‘‘माणूस जिवंत असताना कापलं की रक्त जखमेच्या कडांमध्ये उतरतं. धुतलं तरी जात नाही. इथे कडा पिवळट आणि कोरड्या आहेत. रक्त सुकलेलं असण्याचा प्रश्न येत नाही. रक्त आलेलंच नव्हतं.’’

‘‘मृत्यूनंतर किती वेळानं?’’

‘‘चार ते सहा तासांनी. हात ताठरलेले असताना.’’

‘‘म्हणजे साधारण चुडा भरायच्या वेळी?’’

‘‘वेळ तीच येते.’’

‘‘मग साक्षीदार क्रमांक चार खोटं बोलल्या?’’

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच जरा वेळ घेतला. ‘‘मी जखमांबद्दल सांगू शकते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘साक्षीदारांबद्दल कोर्ट सांगेल.’’

ताम्हाणे हसले आणि जज्जसाहेबांकडे वळले. ‘‘साहेब, एवढ्यासाठीच विचारलं. कारण माझ्या अशिलाला या गुन्ह्याशी जोडणारी दोरी एकच आहे. याच चंपाबाई म्हणतात की आरोपीनं त्यांना गळा झाकायला सांगितलं. ते दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही.’’

दिगंबरनं मान वर केली. साऱ्या खटल्यात तेव्हा एकदाच त्यानं माझ्याकडे पाहिलं. हसला नाही. फक्त पाहिलं.

जेवणाची सुट्टी झाली.

‘‘खाल्लं गं हिनं,’’ भागाबाई बाहेर येताच म्हणाली. तिचा आवाज बसला होता. ‘‘त्यांच्याकडनं पैसं खाल्लं. गळा दाबला म्हनून सांगती आन् त्याच तोंडानं त्याला सोडवाया बघती. तू डोळ्यानं बघितलंस ना चंपे? रगात सुकल्यालं?’’

‘‘चल, दोन घास खा,’’ मी म्हटलं.

‘‘माझ्या घशाखाली उतरंल व्हय? तू जा. मी हितंच पोरीला बघत बसते. म्हातारी तिला खाली सोडंल, मग जरा जवळ घेते.’’

मी नळावर पाणी प्यायला म्हणून मागच्या बाजूला गेले. तिथे रेकॉर्ड खोलीबाहेरच्या व्हरांड्यात डॉक्टरीणबाई उभ्यानंच डबा खात होत्या. पोळीचा रोल, हातात पेपरचा तुकडा. त्यांनी मला पाहिलं आणि खाणं थांबवलं नाही.

मला खरं तर त्यांच्याशी भांडायचं होतं. निदान मनात तसंच घेऊन गेले होते.

‘‘बाई, तुम्ही एवढं शिकलेल्या,’’ मी म्हटलं. ‘‘जरा आडपडद्यानं बोलला असतात तर काय बिघडलं असतं? त्या आईकडं तरी बघायचं.’’

त्यांनी घास गिळला. मग माझ्या हातांकडे पाहिलं. माझी बोटं तेव्हाही काचांच्या जुन्या वणांनी भरलेली होती, तीस वर्षांच्या धंद्याची.

‘‘चंपाबाई तुम्हीच का?’’

‘‘व्हय.’’

‘‘डाव्या हातावर किती फुटल्या?’’

कुठूनतरी टाइपरायटरचा आवाज येत होता.

‘‘तीन,’’ मी म्हटलं.

‘‘चार. एकीचा तुकडा आत राहिला होता. अंगठ्याच्या मुळाशी. मी काढला.’’

आता हे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगते.

त्या दिवशी सकाळी दिगंबरच्या घरी मी पोचले तेव्हा बायका न्हाणीसाठी पाणी तापवत होत्या. शालनला मागच्या खोलीत ठेवलेलं. तिच्या हातात काचेची एकही बांगडी नव्हती, पितळेच्या दोन होत्या नुसत्या. रानातल्या भांगलणीत बांगड्या फुटून वाढल्या होत्या आणि नवऱ्यानं नव्या भरायला पैसे दिले नव्हते, हे मला महिनाभर आधीच ठाऊक होतं. मी म्हटलंही होतं तिला, ‘अगं भर, पैसे सवडीनं दे.’ ती म्हणाली होती, ‘नगं काकू, इचारत्यात कुठनं आल्या.’

दिगंबर आत आला. उंबऱ्यातच थांबला. म्हणाला, ‘‘काकू, पदर गळ्यापातूर वर घ्या. गळा उघडा दिसाय नको.’’ आणि गेला. मी पदर वर घेतला. घेताना मला ते वण दिसले. मी झाकले. मयताच्या घरात आपण आपलं काम करतो आणि उठतो, असं मी स्वतःला सांगितलं.

मग हात हातात घेतला. बांगडी भरायची म्हणजे काय असतं, ते ज्यानं भरली त्यालाच ठाऊक. हात तेलानं चोळायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटांची हाडं एकावर एक सरकवायची. हे कासारीण एकटी करत नाही. ज्याचा हात तो माणूस सोबत करत असतो. ‘आई गं’ म्हणतो, दुखलं की हात जरा ढिला करतो, आणि त्या एका क्षणात बांगडी आत जाते. शालनचा हात मला तोंडपाठ होता. अडीचचं माप. मी ते माप घेऊनच गेले होते. पण तो हात सोबत करेना. अंगठा दुमडेना. पहिली बांगडी गाठीवर अडकली आणि मी जोर लावला. ती वाढली. दुसरीही. काच कातडीत गेली, तरी हात हलला नाही. तेव्हा मला कळलं की मी काय करतेय. पण बायका येणार होत्या. मी पावणेतीनच्या मापाच्या काढल्या आणि भरल्या. त्यातलीही एक गेली.

सवाष्णीच्या हातात, तेही शेवटच्या चुड्याला, बांगडी वाढणं म्हणजे काय हे आमच्यात सांगायला नको. माझ्या सासूच्या हातून आयुष्यात अशी एक वाढली होती, तर गावानं तिला वर्षभर दारात उभं केलं नव्हतं. मी काचा ओच्यात गोळा केल्या आणि जाताना ओढ्यात टाकल्या.

मग भागाबाई आली. पहिल्या एस.टी.नं, अनवाणी. लेकीला शेवटचं कुंकू लावायला म्हणून वाकली आणि पदर बाजूला सरला. तिनं गळा पाहिला. ओरडली नाही. तिरडीवर आडवी पडली आणि तिला कुणाला उचलू देईना. चार बाप्ये लागले तरी हात सोडेना. शेवटी पोलीस पाटील आला, मग हवालदार.

हवालदारानं सगळ्यांसमोर मला विचारलं, ‘‘हातावर हे काय? चुडा भरताना लागलं का?’’ वीसेक बायका माझ्याकडे बघत होत्या.

‘‘न्हाई,’’ मी म्हटलं. ‘‘आधीचंच हाय.’’

एवढंच. लाजेपोटी एक शब्द. पुढे तो कागदावर चढला. बनसोडेंनी वाचला आणि खूश होऊन म्हणाले, ‘‘काकू, ही झटापटीची खूण. हा माणूस आता सुटत नाही.’’ मला वाटलं, तेवढंच शालनच्या उपयोगी पडेल. ‘रक्त होतं का?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, होतं, सुकलेलं. तेही मीच घातलं.

‘‘तुम्हाला ठाऊक होतं,’’ मी व्हरांड्यात डॉक्टरीणबाईंना म्हटलं. ‘‘मग आधीच का न्हाई सांगितलंत?’’

‘‘अहवालात लिहिलं होतं. पहिल्याच पानावर.’’

‘‘मला वाचता येत न्हाई.’’

त्यांनी डबा मिटला. बराच वेळ झाकणाची कडी लावत राहिल्या.

‘‘गळा झाकायला सांगितल्याचं,’’ त्यांनी विचारलं, ‘‘ते खरं आहे का?’’

‘‘देवाशपथ.’’

‘‘देव नको. खरं आहे का?’’

‘‘खरं हाय.’’

‘‘मग आत्ता जा आणि बनसोडेंना सगळं सांगा. ते तुम्हाला पुन्हा उभं करायची परवानगी मागतील. मिळेल की नाही, माहीत नाही. मिळाली तर ताम्हाणे तुम्हाला फाडतील. पण मग गळा झाकायला सांगितल्याचं तुमचं म्हणणं निदान कोर्टाला तोलता तरी येईल. अडीच वाजता कोर्ट बसतं.’’

‘‘तुम्ही सांगा की त्यांना.’’

‘‘मी नाही सांगायचं. बांगड्या मी भरल्या नाहीत.’’

त्या निघाल्या. दोन पावलं जाऊन थांबल्या. मागे न वळताच म्हणाल्या, ‘‘मी काढल्या मात्र. तपासासाठी काढाव्या लागतात. उजव्या हातात अकरा, डाव्यात दहा. एकही फुटली नाही. साबणाचं पाणी केलं होतं. एक तास लागला. पाकिटात घालून पोलिसांकडे दिल्या आहेत. खटला संपला की आईला मिळतील.’’

त्या गेल्यावर मी तिथेच पायरीवर टेकले. ताठरलेल्या हातातून एकवीस बांगड्या, एकही न फोडता. मी भरताना चार फोडल्या होत्या. त्या बाईला कुणी सांगितलं होतं असं करायला? फोडून काढल्या असत्या तर कोण विचारणार होतं? माझ्या धंद्यातला कुणी असता तर मी त्याच्या पाया पडले असते.

मी उठले. बनसोडेंची खोली कोर्टाच्या डाव्या अंगाला होती. दाराबाहेर भागाबाई बसली होती आणि तिच्या मांडीवर तिची नात. म्हातारीनं खरंच पोरीला खाली सोडलं होतं. भागाबाई तिला फुटाणे सोलून देत होती, एकेक, दातानं सालं काढून.

‘‘आली व्हय?’’ मला बघून ती म्हणाली. ‘‘बघ, वळखलं हिनं मला. ‘आज्जे’ म्हनली. काकूला नमस्कार कर गं पोरी. हिच्यामुळं तुझ्या आईला न्याय मिळायचा हाय.’’

पोरीनं फुटाण्याचे हात जोडले.

आत बनसोडे भाकरी खात होते. मान वर करून म्हणाले, ‘‘काय काकू? काही सांगायचंय?’’

माझ्या मागे भागाबाई उठून दारात आली होती. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ती वेळ मला अजून दिसते.

‘‘काय बी न्हाई,’’ मी म्हटलं. ‘‘साडेपाचची एस.टी. मिळंल का, तेवढंच इचारायचं होतं.’’

‘‘मिळेल, मिळेल,’’ बनसोडे म्हणाले.

दीड महिन्यानं निकाल लागला. खून झाला हे सिद्ध, पण तो दिगंबरनंच केला हे सिद्ध नाही. संशयाचा फायदा. पोर म्हातारीच्या कडेवर बसून गेली. एस.टी.च्या खिडकीतून ती भागाबाईकडे बघत होती आणि भागाबाई गाडीबरोबर पळत होती, फाटकापर्यंत. दिगंबरनं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि कोल्हापूरकडे कारखान्यावर गेला. नात आजीला पुन्हा दिसली नाही.

भागाबाई माझ्याकडेच यायची. तिला दुसरं होतं कोण? बाजारच्या दिवशी, पुढे मी टाकलेल्या बांगड्यांच्या दुकानाच्या फळीवर टेकायची आणि त्या डॉक्टरीणबाईच्या नावानं बोटं मोडायची. ‘‘तिचा वंश बुडंल. तिचं हात झडतील. बघ तू.’’ गावातही तेच झालं होतं. ‘पैसे खाऊन खुन्याला सोडवणारी डॉक्टरीण’ असं सगळे म्हणायचे. पुढे एकदा ती बाई कुठल्याशा प्रेताच्या पाहणीसाठी आमच्या भागात आली, तर पोरांनी तिच्या जीपवर शेण मारलं. मी दुकानातून पाहिलं. काच खाली करून डॉक्टरीणबाईंनी रुमालानं शेण पुसलं आणि ड्रायव्हरला हातानं ‘चल’ म्हटलं.

मी एकसष्टाव्या वर्षी अक्षरं शिकले. शाळेत संध्याकाळी म्हाताऱ्यांचा वर्ग निघाला होता. भिंतीवरच्या पाट्यांपासून सुरुवात केली, मग एस.टी.च्या पाट्या, मग वर्तमानपत्र. दोन वर्षांत सलग वाचायला लागले. भागाबाईला त्याचा केवढा आनंद झाला.

एके दिवशी दुपारी तिनं मला घरी बोलावलं. चहा केला. मग पत्र्याची पेटी उघडून एक जुना जाडसर कागदांचा गठ्ठा काढला. कडा कुरतडलेल्या.

‘‘निकालाची नक्कल,’’ ती म्हणाली. ‘‘तवा वकिलानं दिली हुती. अठरा वर्सं झाली, कुनी धड वाचून दाखवंना. ज्यो त्यो म्हनतो, आजे, झालं गेलं. आता तू शिकलीस. त्या भवानीनं काय काय खोटं सांगितलं, ते मला आयकायचं हाय. मरायच्या आधी.’’

मी गठ्ठा मांडीवर घेतला. पहिली पानं चाळली. अक्षरं टाइपची, पुसट. तिला एक अक्षर येत नव्हतं. मी काहीही वाचलं असतं तरी तिला खरं वाटलं असतं. माझ्या मनात ते आलं. आलं नाही असं म्हणणार नाही.

‘‘वाच की,’’ ती म्हणाली. ‘‘च्या निवतोय, त्यो पी आन् वाच.’’

मी चहाला हात लावला नाही. चष्मा पुसला आणि बोट लावून वाचायला लागले. नावं, तारखा, कलमं. डॉक्टरांचा भाग आला. ‘साक्षीदार क्रमांक सात यांची साक्ष उलटतपासणीत कोठेही डळमळलेली नाही. ती संपूर्ण विश्वासार्ह आहे.’

‘‘ह्ये कुनाचं?’’

‘‘डॉक्टरीणबाईंचं.’’

‘‘इश्वासार्ह म्हंजी?’’

‘‘खरी. खरं बोलनारी.’’

मी पुढे वाचलं. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटत होता, सपाट. ‘मयताच्या मनगटावरील जखमांबाबत साक्षीदार क्रमांक चार हिने शपथेवर खोटे सांगितले आहे, हे उघड आहे. अशा स्थितीत, आरोपीने गळा झाकण्यास सांगितले, हे तिचे कथन खरे असण्याची शक्यता असूनही, न्यायालय त्यावर विसंबून आरोपीस दोषी ठरवू शकत नाही. आरोपीविरुद्ध अन्य पुरावा नाही.’

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

‘‘चार लंबर कोन?’’ भागाबाईनं विचारलं.

‘‘मी.’’

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. चुलीकडे बघत बसली. मी सगळं सांगितलं. अडीचचं माप, पावणेतीनचं माप, ओढ्यातल्या काचा, व्हरांडा, बनसोडेंचं दार.

ती म्हणाली, ‘‘त्या बाईला मी अठरा वर्सं शिव्याशाप दिलं.’’

‘‘व्हय.’’

‘‘आन् तू फळीवर बसून आयकायचीस.’’



तिनं माझ्या पुढ्यातला चहा उचलला. परसात गेली, आणि तो ओतल्याचा आवाज मला आला. कपही तिनं आत आणला नाही. परत येऊन ती माझ्याजवळ बसली नाही. उंबऱ्यात बसली, पाठ करून.

मी गठ्ठा बंद करून उठायला लागले.

‘‘बस खाली,’’ ती म्हणाली. ‘‘संपलं न्हाई अजून. उरल्यालं वाच. माझ्या नातीचं काय लिवलंय, त्ये बी वाच. आन् एक अक्षर गाळू नगंस.’’